मॅकॉलिफचा राजीनामा

मॅक्स आर्थर मॅकॉलिफ हें नांव मराठी वाचकांस परिचित असण्याचें विशेष कारण नाहीं. ज्या ग्रंथालयांत त्याचा सहा खंडांचा ग्रंथ आहे तेथेंहि तो बहुधा वरच्या फळीवर, सहसा हात न पोंचणाऱ्या जागीं असतो. आमच्या महाविद्यालयांतील प्रतीच्या तिसऱ्या व चौथ्या खंडांचीं पानें तर आम्हीं ती मागवीपर्यंत कापलेलींहि नव्हतीं. ‘द सिख रिलिजन’ ह्या नांवाचा हा ग्रंथ ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसनें १९०९ सालीं प्रसिद्ध केला. शिखांचे दहा गुरु, ग्रंथसाहेबांत ज्यांची वाणी समाविष्ट आहे ते भगत, आणि त्या वाणीचें इंग्रजी भाषांतर असा त्याचा विस्तार आहे. आमचें लक्ष त्याकडे वळलें तें मात्र वाङ्मयीन जिज्ञासेनें नव्हे. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नानें तें वळलें. आणि तो प्रश्न प्रथम सांगितल्यावांचून आमच्या ह्या टीकेचा रोख वाचकांच्या ध्यानांत यावयाचा नाहीं.

हा विद्यार्थी मराठी कुटुंबांतला, वारकरी आजोबांच्या मांडीवर वाढलेला. पदवी घेतल्यावर कामानिमित्त कांहीं महिने तो नांदेडास होता. तेथें हजूर साहिबांत पहांटेचें कीर्तन ऐकतां ऐकतां त्याच्या मनानें जी ओढ घेतली ती पुढें दोन वर्षें कमी न होतां वाढतच गेली, व अखेर अमृत घेऊन खालसा पंथांत प्रवेश करण्याचा त्यानें निश्चय केला. त्याच सुमारास एका मोठ्या कारखान्यांत त्याची नेमणूक होण्याचा रंग दिसूं लागला. तेथील एका वरिष्ठानें त्यास गोडीगुलाबीनें सुचविलें कीं, दाढी-पगडीचें हें प्रकरण जरा लांबणीवर टाकलें तर बरें, म्हणजे वर चढण्यास अडचण पडणार नाहीं. मुलगा आमच्याकडे आला. “सर, आधीं नोकरी पक्की करूं आणि मग अमृत घेऊं, कीं आधीं अमृत?” असें त्यानें सरळ विचारलें. आम्हींहि तितक्याच सरळपणें, आणि आतां कबूल करावयास हवें कीं फारसा विचार न करतां, उत्तर दिलें कीं धर्म ही अंतःकरणाची वस्तु आहे. केंस काय, पांच वर्षांनींहि वाढवितां येतील. तो क्षणभर थांबला व म्हणाला, “सर, मग मॅकॉलिफसाहेबानें नोकरी कां सोडली?” नांदेडच्या कोणा ग्रंथींकडून त्यानें ती हकीकत ऐकली होती. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आम्हांस मात्र त्या गृहस्थाच्या नांवापलीकडे कांहीं सांगतां येईना. त्या रात्रीं आम्हीं पहिला खंड घरीं आणला.

मॅकॉलिफ हा आयरिश. लिमरिक परगण्यांत जन्मलेला व गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजांत शिकलेला हा तरुण १८६२ सालीं सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाला आणि १८६४ सालीं पंजाबांत रुजू झाला. १८८२ सालीं तो डेप्युटी कमिशनर झाला, १८८४ सालीं डिव्हिजनल जज्ज. येथपर्यंत त्याचें चरित्र त्या काळच्या शेंकडों गोऱ्या अधिकाऱ्यांच्या चरित्रासारखेंच आहे. निराळें आहे तें एवढेंच कीं, अमृतसरच्या दिवाळीवर ‘कलकत्ता रिव्ह्यू’त १८८० सालीं लेख लिहिणारा हा अधिकारी केवळ कुतूहलाच्या पायरीवर थांबला नाहीं, तो ज्ञानी लोकांकडे जाऊन बसूं लागला, गुरुमुखी शिकला, आणि हळूहळू त्या धर्माचाच होऊन गेला. त्याच्या बरोबरीच्या साहेबलोकांनीं त्याची यथेच्छ कुचेष्टा केली. ‘शीख झाला’ हे शब्द त्या मंडळींत शिवीसारखे वापरले जात. १८९३ सालीं त्यानें राजीनामा दिला व पुढचीं सोळा वर्षें ह्या एका ग्रंथास वाहिलीं. सरकारनें पुढें पांच हजार रुपये देऊं केले, ते त्यानें नाकारले. १९१३ सालीं लंडनांत त्याचा अंत झाला; अखेरच्या घटकेस तो जपजी म्हणत होता असें त्याच्या मुसलमान सेवकानें सांगितल्याची हकीकत शीख लेखक आवर्जून देतात.

हा ग्रंथ कां लिहावा लागला हें समजण्यास त्याच्या आधीचा ग्रंथ पहावा लागतो. इंडिया ऑफिसनें आदिग्रंथाच्या भाषांतराचें काम प्रथम अर्न्स्ट ट्रुम्प ह्या जर्मन पंडिताकडे सोंपविलें होतें, व त्याचें अपुरें भाषांतर १८७७ सालीं बाहेर पडलें. ट्रुम्पच्या विद्वत्तेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. सिंधी व्याकरणावरील त्याचें काम आजहि मानानें उल्लेखिलें जातें. परंतु ज्या ग्रंथापुढें लक्षावधि लोक अनवाणी उभे राहतात तो ग्रंथ त्याच्या लेखीं विस्कळीत, कंटाळवाणा व भाषेच्या नमुन्यांपुरता उपयोगी होता, आणि तसें त्यानें प्रस्तावनेंत लिहिलेंहि. ग्रंथाच्या पोथीसमोर बसून तो चिरूट ओढीत असे, ही गोष्ट शीख समाजांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. तंबाखू ज्यांस सर्वस्वीं वर्ज्य त्यांच्या देवघरांत हा प्रकार! ट्रुम्पलाहि काम होतें, नेमणूक होती, वेतन होतें. त्याच्या धर्मानें व धंद्यानें एकमेकांस कोठेंहि अडथळा केला नाहीं, कारण समोरच्या पोथीशीं त्याच्या धर्माचा संबंधच नव्हता.

मॅकॉलिफनें नेमकी उलट वाट धरली. प्रत्येक भाषांतरित पद त्यानें ज्ञान्यांस दाखविलें, त्यांच्याशीं अर्थाविषयीं वाद घातला, आणि परंपरेनें जो अर्थ मान्य केला तोच छापला. नाभा संस्थानचे भाई काहनसिंग ह्यांच्यासारखा जाडा पंडित त्याच्या साह्यास होता. छपाईच्या वेळीं ते विलायतेसहि गेले. नाभ्याचे राजे हीरासिंग ह्यांचा त्यास आश्रय होता. भाषांतरकारानें भाषांतरविषय झालेल्या लोकांची संमति घ्यावी, ही कल्पना त्या काळच्या प्राच्यविद्येंत जवळजवळ अश्रुतपूर्व होती. आमच्या मतें ह्या ग्रंथाचें खरें मोठेपण येथें आहे. पंडित न्यायाधीशाच्या आसनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला; आणि हा मनुष्य धंद्यानें न्यायाधीशच होता हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या कृतीचें मोल अधिकच वाटूं लागतें.

तथापि गुणांच्या पोटींच दोष असतात, हें येथेंहि खरें ठरतें. संमतीनें लिहिणारा ग्रंथकार संमतीपलीकडे जाऊं शकत नाहीं. जन्मसाखींतील चमत्कार व इतिहास ह्यांची निवड करण्याचें काम मॅकॉलिफ फारसें अंगावर घेत नाहीं. ह्याहून मोठी हानि रचनेची आहे. ग्रंथसाहेब हा चरित्रग्रंथ नव्हे. गुरु अर्जुनांनीं १६०४ सालीं जी संहिता सिद्ध केली ती रागांच्या क्रमानें आहे. आजच्या १४३० पानांच्या ग्रंथांत ३१ राग आहेत, व प्रत्येक रागांत गुरूंची वाणी आधीं व भगतांची मागून अशी व्यवस्था आहे. तो गाण्याचा ग्रंथ आहे. मॅकॉलिफनें हीं पदें रागांतून उपटून गुरूंच्या आयुष्यांतील प्रसंगांना टांचलीं: अमुक गांवीं अमुक मनुष्य भेटला, त्यास गुरूंनीं हें पद ऐकविलें. त्यामुळें चरित्र रसाळ झालें, पण पद प्रसंगाचें दास झालें. अभंगगाथेचे तुकडे करून ते महीपतीच्या ‘भक्तविजया’च्या कथांत पेरले असतां जी गत होईल तीच येथें झाली आहे. इंग्रजीहि प्रार्थनापुस्तकी वळणाचें, सारखें व संथ. नानकांचा झोंक आणि कबीराचा फटकारा दोन्ही एकाच मापाच्या अंगरख्यांत घातल्यासारखे दिसतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आम्हांस ह्या ग्रंथांतील सर्वांत बोलकी वाटली. मॅकॉलिफनें नोकरीचा राजीनामा दिला, पण नोकरी त्याच्यांतून गेली नाहीं. प्रस्तावना व उपोद्घात वाचतांना वारंवार असें वाटतें कीं हा सरकारला पाठविलेला अहवाल आहे. शीख हे राज्याचे किती उपयुक्त व एकनिष्ठ प्रजाजन आहेत, त्यांचा धर्म टिकण्यांत सरकारचें हित कसें आहे, गोऱ्या लोकांच्या आगमनाचें भाकित खुद्द गुरूंनींच करून ठेविलें होतें, हे मुद्दे तो पुन्हां पुन्हां मांडतो. हिंदुधर्मास त्यानें अजगराची उपमा दिली आहे. लहानसहान पंथांना विळखा घालून गिळणारा अजगर! हें वाचून आमच्यासारख्या हिंदु वाचकाच्या कपाळास आंठी पडते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु आंठी पडली म्हणून वाक्य खोटें ठरत नाहीं. आपण सर्वांना आपलेंसें करतों ह्या आपल्या अभिमानास दुसऱ्या बाजूनें गिळणें हें नांव असूं शकतें, एवढें तरी त्या उपमेनें आम्हांस पटविलें. शिवाय ती उपमा एकट्या मॅकॉलिफची नव्हे. १८७३ सालीं अमृतसरास व १८७९ सालीं लाहोरास सिंग सभा निघाल्या होत्या. काहनसिंगांचें ‘हम हिंदू नहीं’ हें पुस्तक १८९८चें. आणि मॅकॉलिफचे खंड निघाले त्याच १९०९ सालीं आनंद विवाहाचा कायदा होऊन शिखांच्या स्वतंत्र विवाहविधीस मान्यता मिळाली. मॅकॉलिफ ज्या धर्मांत शिरला तो त्या क्षणीं स्वतःच्या सीमा आंखून घेत होता, आणि नवा आलेला मनुष्य सीमेविषयीं घरच्यांपेक्षां अधिक दक्ष असतो.

पण अधिकाऱ्याच्या ह्या अवशेषाचा सर्वच परिणाम वाईट झाला असें नव्हे. पंजाबी भाषेस सरकारदरबारीं स्थान मिळावें, नाहीं तर धर्मग्रंथ पुढील पिढीस मुका होईल, हा त्याचा आग्रह कचेरींत आयुष्य काढलेल्या मनुष्यासच सुचावा असा आहे. केवळ भक्तानें पदाची गोडी सांगितली असती. कोर्टांतल्या भाषेचा पदावर काय परिणाम होतो हें त्यास दिसलें नसतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. पहिला खंड उघडला आणि पहिल्याच चरित्रांत आम्हांस एक नोकर भेटला. तो म्हणजे स्वतः गुरु नानक. सुलतानपुरास दौलतखान लोदीच्या मोदीखान्यांत ते धान्य मोजून देण्याच्या कामावर होते. मोजतां मोजतां तेरा ह्या आंकड्याशीं येऊन ‘तेरा, तेरा’ म्हणत, म्हणजे ‘हें तुझें, तुझेंच’ असें म्हणत ते देहभान विसरत, ही कथा प्रसिद्ध आहे. ती सर्वजण सांगतात. तिच्या पुढचा भाग मात्र थोडे सांगतात. नानक कोठार लुटवीत आहेत अशी चहाडी झाली, हिशेब तपासण्यांत आले, आणि ते चोख निघाले. इतकेंच नव्हे तर उलट नानकांचेंच येणें निघालें. जन्मसाखीकारास हा तपशील सांगावासा वाटला ह्यांत त्या धर्माचें मर्म आहे. ज्याचें चित्त ईश्वरीं लागलें त्याचे हिशेब ढिले असतात असें आपण उगीच गृहीत धरतों. पुढें नानकांनीं ती नोकरी सोडली, हें खरें. परंतु दीर्घ भ्रमण आटोपल्यावर रावीकांठीं कर्तारपुरास ते राहिले ते शेती करून. भाई लालो ह्या सुताराची जाडीभरडी भाकरी त्यांनीं गोड मानली आणि मलिक भागोचें पक्वान्न नाकारलें, तेंहि ती भाकरी घामाची होती म्हणून. नाम जपा, कष्ट करून मिळवा, वांटून खा, ही शिखांची त्रिसूत्री ह्याच वृत्तीची आहे.

नित्यनेमाची योजनाहि ह्या दृष्टीनें पहाण्यासारखी आहे. जपजी व तिच्या जोडीच्या वाण्या पहांटे उजाडण्यापूर्वी, रहिरास सूर्यास्तीं, सोहिला निजतांना. मधला सारा दिवस मोकळा. हें वेळापत्रक मठांत बसणाऱ्यांचें नव्हे. ज्यांस दिवस उगवला कीं नांगर, तागडी किंवा लेखणी धरावयाची आहे त्यांच्यासाठीं तें बांधलेलें आहे. फक्त पहांटेची झोंप द्यावी लागते, आणि ती देण्याचीच मनुष्यास सर्वांत जास्त कुरकुर असते, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

सहाव्या खंडांत तर आम्हीं थबकलोंच. तेथें भगतांचीं चरित्रें आहेत आणि त्यांत आमचे नामदेव आहेत. ग्रंथसाहेबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें स्थान आहे, आणि २०१५ सालीं आपलें अठ्ठ्याऐंशीवें साहित्यसंमेलनहि तेथें भरलें होतें. परंतु संमेलनाच्या भाषणांत नामदेव हे दोन प्रांतांचा सेतु म्हणूनच यावयाचे. सेतूवर कोणी थांबत नाहीं, हीच त्या उपमेंतली अडचण. ग्रंथसाहेबांतील नामदेव ह्याहून जवळचे आहेत. त्यांच्या एका पदांत मुलगा सोबत्यांशीं गप्पा मारतो पण लक्ष पतंगाच्या दोरीवर ठेवतो, बाया पाण्याचे घडे घेऊन हंसतखिदळत चालतात पण चित्त घड्यांत असतें, आई घरभर कामांत असते पण मन पाळण्याशीं असतें. कबीराच्या सलोकांत तर एक लहानसा संवादच आला आहे. त्रिलोचन आपल्या मित्रास टोंचून विचारतो कीं, बाबा, कापडावर छापे मारण्यांतच कां गुंतून पडलास, देवाकडे कधीं पहाणार? नामदेव उत्तर देतात त्याचा आशय असा कीं, काम हातापायांकडे दिलें आहे, चित्त कोठें द्यावयाचें तें दिलेलें आहे. पंढरपुरच्या शिंप्याचें हें उत्तर काशीच्या कोष्ट्यानें सांगावें आणि पंजाबच्या गुरूंनीं तें जपून ठेवावें! कामकरी माणसांनीं हातोहात पोंचविलेलें हें उत्तर आम्हीं प्रथम वाचलें तें एका आयरिश न्यायाधीशाचे खंड चाळतांना, ह्याची लाज वाटल्यावांचून राहिली नाहीं.

येथें वाचक म्हणतील कीं, मग तुमचा सल्ला बरोबरच होता. चित्त देवापाशीं ठेवावें, डोक्यावर काय आहे हें महत्त्वाचें नाहीं. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. परंतु हा निष्कर्ष फार सोयीचा आहे, आणि सोयीच्या निष्कर्षाकडे जरा संशयानें पहावें. नामदेवांच्या बाया घडा डोक्यावर घेऊन चालत आहेत. घडा घरीं ठेवून त्याचें चिंतन करीत नाहींत. १६९९ च्या वैशाखीस गुरु गोविंदसिंगांनीं खालसा निर्माण केला तो मुळीं लपतां येऊं नये म्हणून, असें शीख परंपरा मानते. गुरु तेगबहादुरांच्या बलिदानाच्या वेळीं शिष्य गर्दींत मिसळून गेले होते, तें शल्य त्यामागें आहे. ज्या चिन्हाचें प्रयोजनच ओळखूं येणें हें आहे, तें अडचणीच्या वेळीं न दिसेल असें धारण करणें म्हणजे तें धारण न करणेंच होय. इंग्रजी फौजेनें ही गोष्ट आमच्यापेक्षां चांगली ओळखली होती. शीख पलटणींत भरती होणाऱ्यास अमृत घेणें व केंस राखणें भाग असे. तेथें पगडी नोकरीच्या आड येत नव्हती, नोकरीच पगडीची अट घालीत होती. तोच केंस, तीच पगडी. मालकास हवी तेव्हां शौर्याची खूण, नको तेव्हां शिस्तीस अडथळा. म्हणजे अडचण धर्मांत नसून हवें-नको ठरविणाऱ्याच्या हातांत आहे. विलायतेंत १९७६ सालीं पगडीधारी शिखांस मोटारसायकलच्या शिरस्त्राणाची सूट देणारा कायदा झाला आणि कॅनडाच्या राष्ट्रीय पोलिसदलानें १९९० सालीं गणवेषांत पगडीस मुभा दिली. मुभा मिळाली तीहि कोणीतरी पगडी न उतरवितां दारांत उभा राहिला म्हणून.

महाराष्ट्रास हा प्रश्न परका नाहीं. १९३५ सालीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केल्यावर डॉ. आंबेडकरांनीं शीख धर्माचा गंभीरपणें विचार केला होता. १९३६च्या एप्रिलांत ते अमृतसरच्या शीख परिषदेस गेले होते. १९५६ सालीं त्यांनीं नागपुरास बौद्धधर्माची दीक्षा घेतली, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. परंतु मधल्या काळांतील चर्चेंत धर्माबरोबर राखीव जागांचा व हक्कांचा प्रश्न सतत पुढें येत होता, ह्यावरून धर्मांतराच्या चर्चेंत पोटाचा विषय काढणें हें हलकेपणाचें लक्षण नव्हे एवढें ध्यानांत यावें. उच्चवर्णीय प्राध्यापकास तो विषय हलका वाटूं शकतो, कारण त्याचें पोट व त्याचा धर्म ह्यांत कोणी कधीं निवड करावयास लावलेली नसते.

मॅकॉलिफनें ती निवड केली. परंतु त्याचें अनुकरण करा असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. तीस वर्षांच्या मोठ्या चाकरीनंतर, राजेरजवाड्यांच्या पाठबळावर दिलेला राजीनामा आणि पहिल्याच नेमणुकीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोराची अडचण ह्यांची तुलना होऊं शकत नाहीं. ज्या ग्रंथानें त्यास ओढलें तो ग्रंथ हातांनीं काम करा म्हणतो, आणि त्या ग्रंथाची सेवा करण्यासाठीं ह्यास हातांतलें काम सोडावें लागलें, हा विरोध त्याच्या सहा खंडांत कोठेंहि सुटलेला नाहीं. किंबहुना प्रस्तावनेंतला तो अहवालाचा सूर म्हणजे न सुटलेल्या ह्या विरोधाचाच आवाज आहे असें आम्हांस वाटतें. आपण सोडलेल्या लोकांना आपण बरोबर होतों हें पटवून देण्याची धडपड त्यांत आहे. ती केविलवाणी आहे आणि म्हणूनच खरी आहे.

आम्हीं विद्यार्थ्यास पत्र लिहून आमचा सल्ला परत घेतला, व कारणें येथें दिलीं त्याहून थोडक्यांत कळविलीं. उत्तर आलें तें असें कीं, पत्र पोंचण्यापूर्वींच त्यानें अमृत घेतलें होतें. त्या कारखान्यानें नाहीं म्हटलें नाहीं. फक्त पुन्हां बोलावलें नाहीं. सध्यां तो दुसऱ्या गांवीं एका लहानशा यंत्रशाळेंत आहे, पगार बराच कमी आहे, पाळी पहांटे सहाची आहे, आणि त्याआधीं नित्यनेम आटोपावयाचा म्हणजे साडेतीनला उठावें लागतें. दुपारीं डोळ्यांवर झांपड येते, असें त्यानें मोकळेपणानें लिहिलें आहे. नामदेवांचा खंड वाचावयास हवा असें त्याच पत्रांत होतें म्हणून आम्हीं तो आमच्या नांवावर काढून पाठविला. ग्रंथपालांचीं दोन स्मरणपत्रें येऊन गेलीं आहेत. तिसरें येईपर्यंत तो परत मागविण्याचा आमचा विचार नाहीं.